होडी कुठे थांबते : भिगवणच्या पाण्यावरील पक्षिछायाचित्रण

(दृश्य : पहाटेचा अंधुक प्रकाश. काठाला लागलेल्या होड्या, मागे पसरलेले पाणी.)

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण लागते. भीमा नदीवरील उजनी धरणाचा फुगवटा येथे दूरवर पसरला आहे. हिवाळ्यात धरणाचे पाणी हळूहळू उतरू लागले की काठाचा गाळ उघडा पडतो, उथळ पाण्यात खाद्य मिळू लागते आणि रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच फ्लेमिंगोंचे थवे येथे उतरतात. ज्या वर्षी धरण काठोकाठ भरते, त्या वर्षी अशा उथळ जागा उशिरा तयार होतात आणि थवेही उशिरा दिसतात. कुंभारगाव, डिकसळ या काठावरच्या गावांतील मासेमारी करणारे नावाडीच पर्यटकांना आणि छायाचित्रकारांना पाण्यावर नेतात.

छायाचित्र अस्पष्ट आले की दोष बहुधा लेन्सला दिला जातो आणि चौकट फसली की पक्ष्याला. प्रत्यक्षात चित्राचा रेखीवपणा आणि त्याची रचना या दोन्ही गोष्टींचा बराचसा निकाल बटण दाबण्यापूर्वीच लागलेला असतो. होडी पक्ष्यापासून किती अंतरावर थांबली, ऊन कोणत्या बाजूला आहे आणि कॅमेरा पाण्यापासून किती उंचीवर आहे, यांवर तो ठरतो.

(दृश्य : होडीच्या तळाशी बसलेला छायाचित्रकार. समोर उथळ पाण्यात शेकाट्या.)

उंचीपासून सुरुवात करू. समजा, लांब लाल पायांचा शेकाट्या वीस मीटरवर उभा आहे आणि त्याचे शरीर पाण्यापासून वीत-सव्वा वीत उंच आहे. होडीत उभे राहून कॅमेरा १.८ मीटर उंचीवर धरला, तर आपली नजर पक्ष्यावरून पुढे जाऊन त्याच्या मागे तीनेक मीटरवरच पाण्याला टेकते. त्यामुळे तेथील लाटा, काड्या आणि शेवाळ ओळखू येण्याइतपत स्पष्ट उमटतात. तोच छायाचित्रकार होडीच्या तळाशी बसला आणि कॅमेरा ६० सेंटिमीटरवर आला, की ती नजर पक्ष्याच्या मागे सुमारे चौदा मीटरवर पाण्याला भिडते. पार्श्वभूमी दूर गेल्याने आपोआप विरघळते आणि पक्षी तिच्यापासून सुटा होतो. महागड्या लेन्सने जे साधते, त्यातले बरेचसे गुडघे मोडून बसल्याने साधते.

मात्र हा नियम थव्याला लागू करताना सावध राहावे लागते. कॅमेरा जितका खाली येईल, तितके पुढचे-मागचे रोहित एकमेकांवर चढतात आणि पायांचे नुसते जंगल तयार होते. थव्यासाठी थोडी उंची बरी, कारण तेथे दोन पक्ष्यांमधली मोकळी जागा पक्ष्यांइतकीच महत्त्वाची असते. एकाची मान दुसऱ्याच्या शरीरातून उगवल्यासारखी दिसत असेल तर थांबावे. चरणारा थवा सतत सरकत असतो आणि माना वेगळ्या होण्याचा क्षण येतोच.

(दृश्य : चोच उलटी करून पाण्यात चरणारे रोहित. एक मान वर येते.)

रोहित डोके उलटे करून चोच पाण्यातून फिरवतो आणि गाळातले बारीक जीव गाळून घेतो. या अवस्थेत डोळा पाण्याच्या अगदी जवळ, बहुतेक वेळा सावलीत असतो. डोळा दिसत नसलेले चित्र अचूक फोकस होऊनही निर्जीव वाटते, म्हणून मान वर येण्याची वाट पाहणे योग्य. येथे आडव्या चौकटीचा हट्टही सोडावा लागतो. या पक्ष्याचे पाय आणि मान इतकी लांब आहेत, की संथ पाण्यातील प्रतिबिंबासह तो घ्यायचा तर कॅमेरा उभा धरावा लागतो. प्रतिबिंब घ्यायचे ठरवले तर ते पूर्ण घ्यावे. अर्ध्या मानेवर कापलेले प्रतिबिंब निष्काळजीपणाचे दिसते.

आता रेखीवपणाकडे वळू. ६०० मिलिमीटरची लेन्स, एफ ६.३ हे छिद्रमान (प्रकाश आत घेणाऱ्या लेन्सच्या छिद्राचे माप) आणि दहा मीटरवरचा पक्षी असे गणित मांडले, तर पूर्ण आकाराच्या (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या) सेन्सरवर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम दहा सेंटिमीटर भरते. पक्ष्याचा डोळा त्या पट्ट्यात असेल तर शेपूट बाहेर राहते. त्यात आपण तरंगत्या होडीत बसलेलो असतो. एकदाच फोकस कुलूपबंद करून बटण दाबेपर्यंत होडी एखादी वीत पुढे-मागे झालेली असते आणि डोळा पट्ट्याबाहेर गेलेला असतो. म्हणून होडीतून समोरचा पक्षी पुतळ्यासारखा स्थिर असला, तरी कॅमेरा सतत फोकस करणाऱ्या पद्धतीवरच ठेवावा. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांतील डोळा ओळखण्याची सोय एकट्या पक्ष्यासाठी उत्तम आहे. थव्यात मात्र ती या डोळ्यावरून त्या डोळ्यावर उड्या मारते, आणि तेव्हा एकच फोकस बिंदू आपल्या हाताने ठेवणे अधिक खात्रीचे ठरते.

तिपाईचा होडीत उपयोग होत नाही, कारण होडी हलली की तिपाईही हलते. इंजिन असेल तर ते दुरूनच बंद करायला सांगावे, कोपरे गुडघ्यांवर टेकवावीत आणि शटर वेगवान ठेवावे. उभ्या पक्ष्यासाठी सेकंदाचा १/१००० भाग पुरतो, उडत्या रोहितासाठी १/२००० आणि पाण्यावर अचानक वळणाऱ्या नदी सुरय या मासे टिपणाऱ्या पक्ष्यासाठी १/३२०० हा वेग सुरुवातीला ठीक. लेन्समधील स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर शोषते, पण पक्ष्याच्या पंखाला थांबवू शकत नाही. हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सकाळच्या मंद उजेडात या वेगांसाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, १६०० किंवा त्याहून वर न्यावा लागतो. त्याने येणारे दाणे नंतर बरेच कमी करता येतात, पण हललेले पीस पुन्हा जागेवर आणता येत नाही.

(दृश्य : पाण्यावर धावत उड्डाण घेणारा थवा, लाल-काळे पंख.)

रोहित उडताना काही पावले पाण्यावर धावतो, मग उचलला जातो आणि उघडलेल्या पंखांतील किरमिजी व काळा रंग एकदम दिसतो. याच दृश्याच्या हव्यासापायी नावाड्याला होडी थेट थव्यात घालायला सांगणारे पाहुणे दर हंगामात येतात. दूरवरून आलेल्या पक्ष्यांचे चरणे त्यामुळे मोडते, हे तर आहेच. पण निव्वळ चित्राच्या दृष्टीनेही तो तोट्याचा व्यवहार आहे, कारण घाबरलेला पक्षी होडीपासून दूर उडतो आणि हाती लागतात ती शेपट्यांची चित्रे. रोहित शक्यतो वाऱ्याच्या समोर तोंड करून उड्डाण घेतो. म्हणून वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीशी येतील अशा जागी होडी आधीच थांबवली, तर थवा स्वतःहून उठेल तेव्हा तो आपल्या दिशेने येण्याची शक्यता वाढते. त्याच्या पुढच्या बाजूला चौकटीत जागा राखावी आणि पंखांची टोके कापली जाऊ नयेत म्हणून भिंगाची झेप (झूम) थोडी आखूड ठेवावी. नंतर कापायचे झाल्यास हिशेब ठाऊक असावा : २४ मेगापिक्सलच्या चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली की हातात सहाच उरतात.

पांढऱ्याशुभ्र पक्ष्यामागे गडद पाणी असेल, तर कॅमेरा त्या गडद भागाला भुलतो, चित्र जास्त उजळ करतो आणि पिसांचा पोत जळून जातो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, उणे बाजूला न्यावे.

(दृश्य : पाण्यात रोवलेले बांबू, जाळी, त्यावर बसलेला सुरय. मागे मासेमाराची होडी.)

भिगवणच्या चित्रांतून बांबू आणि जाळी वगळण्यासाठी छायाचित्रकार मोठा आटापिटा करतात. आमच्या मते हा अट्टहास नेहमीच शहाणपणाचा नसतो. हे पाणी धरणाचे आहे, येथील पक्षी मासेमारांच्या शेजारी राहतात, आणि बांबूवर बसलेला सुरय हीच येथील खरी रीत आहे. बांबू चुकून चौकटीच्या कडेला डोकावत असेल तर तो खटकतो. तोच विचारपूर्वक घेतला, तर चित्र कुठले आहे हे सांगतो.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर मोठे केलेले चित्र.)

परत आल्यावर अस्पष्ट चित्रे लगेच पुसू नयेत. ती पूर्ण आकारात उघडून कारण शोधावे. पक्षी धूसर पण मागचे गवत रेखीव असेल, तर फोकस चुकला. सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर होडी किंवा हात हलला. शरीर स्पष्ट आणि पंखांची टोके पुसट असतील, तर शटर मंद पडले. आणि कुठेच काही रेखीव नसेल, कडा वितळल्यासारख्या असतील, तर हवेचा दोष. ऊन चढले की गाळ आणि पाणी यांवरची हवा थरथरू लागते. थंड पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असल्यानेही तेच घडते, आणि अंतर जितके जास्त तितका परिणाम मोठा. ६०० मिलिमीटरने शंभर मीटरवरचा थवा टिपताना ही थरथर कोणत्याही संगणकीय प्रक्रियेने निघत नाही. त्या वेळी पक्ष्याचे जवळचे चित्र घेण्याचा नाद सोडून आखूड भिंग लावावे आणि थवा, काठ, जाळी व आकाश मिळून एक रुंद चौकट करावी.