भाड्याचा कॅमेरा आणायचा का?

अंधेरी वेस्टला, आरामनगरच्या आसपास भल्या पहाटे फिरलात तर टेम्पोत पेट्या चढवणारी पोरं दिसतात. काळ्या जाडजूड पेट्या, त्यात भाड्याच्या कॅमेऱ्याची बॉडी, लेन्स, बॅटऱ्या, मॉनिटर, आणि त्या पेट्यांसोबत गाडीत बसून येणारा, सामान सांभाळणारा अटेंडंट दादा. बरंचसं सामान सिरियल आणि ॲडचं असतं, पण शनिवार-रविवारी त्यात शॉर्टफिल्मवाल्यांचंही असतं, म्हणजे आठवडाभर नोकरी करून, पगारातून पैसे बाजूला काढून फिल्म करणाऱ्यांचं. पुण्यात तर एकांकिका करून करून कॅमेऱ्याकडे वळलेले असे कितीतरी ग्रुप आहेत. आणि प्रत्येक ग्रुपमध्ये स्क्रिप्ट पूर्ण व्हायच्या आधी एक विषय निघतोच, की यावेळी मोठा कॅमेरा आणूया, ॲरी कंपनीचा, सिनेमावाले वापरतात तो अलेक्सा मिनी आणूया.

मोह खोटा नाहीये. खोलीत अंधार आहे, खिडकीबाहेर कडक ऊन आहे, आणि आजी खिडकीत बसलीय, असा शॉट मोबाईलवर घेतला की बाहेरचं सगळं पांढरं फटक होतं. अलेक्सा चौदा स्टॉपच्या वर रेंज सांभाळतो, म्हणजे गडद अंधार आणि कडक उजेड एकाच फ्रेममध्ये धरतो, त्यामुळे बाहेरचं झाड पण दिसतं आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पण. सावळ्या त्वचेचा रंग तो इतका छान धरतो की एकदा बघितलं की विसरवत नाही. विकत घ्यायचा म्हटला तर लाखोंचा मामला, म्हणून मग भाड्याने.

पण मोठा कॅमेरा एकटा येत नाही, त्याच्यामागे अख्खी वरात येते. मिनीची नुसती बॉडी सव्वादोन किलोच्या आसपास, पण त्यावर सिनेमाची जड पीएल माउंटची लेन्स, लेन्सवर पडणारा नको तो उजेड अडवणारा मॅट बॉक्स, मागे लागणारी मोठी व्ही-माउंट बॅटरी, मॉनिटर चढला की तो हातात धरून पळता येत नाही, त्याला तसाच दणकट ट्रायपॉड लागतो. लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर फोकस इतका बारीक की नट दोन बोटं पुढे झुकला तरी डोळे सॉफ्ट, म्हणजे धूसर होतात, म्हणून मग नुसता फोकस सांभाळणारा माणूस, फोकस पुलर आला. अटेंडंटचे पैसे, त्याचं जाणं-येणं, जेवण, वर अठरा टक्के जीएसटी, वर डिपॉझिट. ठरलेल्या दिवसभाड्यात यातलं बरंचसं धरलेलंच नसतं, आणि हिशोब नंतर बसतो.

तरी मला पैशापेक्षा जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते, ती म्हणजे शिफ्ट. बहुतेक ठिकाणी बारा तासांची शिफ्ट, पुढे ओव्हरटाइम. आता आपल्या फिल्ममधली बाई खऱ्या आयुष्यात शाळेत शिकवते, तिने कॅमेऱ्यासमोर आजवर कधी काम केलेलं नाही, तिला मोकळं व्हायला दुपार होते. आणि दुपारी दिग्दर्शकाच्या डोक्यात फक्त घड्याळ असतं, तो म्हणतो चला झाला टेक, पुढचा घ्या. तिचा खरा चांगला टेक पुढचा असणार होता, तो कधी घेतलाच जात नाही. हौशी माणसाकडे पैसा नसतो, माणसं नसतात, पण वेळ असतो, आज नाही जमलं तर पुढच्या रविवारी परत करू एवढी मोकळीक असते, आणि भाड्याचा कॅमेरा नेमकी तीच काढून घेतो.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, आणि मोठ्या सिनेमाच्या आधी त्यांनी काय शूट केलं, तर दादरच्या घरी कुंडीत लावलेला वाटाणा. तो उगवून वेल होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण, त्याची झाली ‘अंकुराची वाढ’, आणि ती दाखवून त्यांनी पुढच्या सिनेमासाठी भांडवल उभं केलं. कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा असता तर वाटाणा थांबला असता का? आपल्या काळातलं बघायचं तर आसामच्या रीमा दास. छायगाव या आपल्या गावात, स्वतःच कॅमेरा धरून, कॅननच्या फाइव्ह डी या फोटोच्या कॅमेऱ्यावर, गावच्याच मुलांना घेऊन त्यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ केला, काही वर्षं शूटिंग चाललं, आणि २०१८ मध्ये त्याला सुवर्णकमळ मिळालं. पूर यायची वाट बघता आली कारण कॅमेरा घरात होता.

म्हणून मला विचाराल तर बॉडी घरची वापरा, नाहीतर मित्राची मागा, साधा मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा छोटा डिजिटल कॅमेराही चालतो, पण सेकंदाला पंचवीस फ्रेमवर आणि शटर एक-पन्नासांश सेकंदावर ठेवा, आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची आहे, नाहीतर ट्यूबलाइट लपलपते. भाड्याचे पैसे आवाजावर घाला, काठीवर धरायचा चांगला बूम माइक, कपड्याला लावायचे दोन लेपल माइक, रेकॉर्डर, कारण चित्र थोडं मऊ असलं तर लोक बघतात, संवाद कळला नाही की बंद करतात. त्यानंतर एखादी चांगली लेन्स, मग एक दमदार लाइट. बाउन्सला, म्हणजे उजेड परतवून चेहऱ्यावर टाकायला, थर्माकोल आहेच.

आणि मोठा कॅमेरा आणायचाच असेल, अगदी जरूर आणा, पण त्या खिडकीतल्या आजीच्या सीनसाठी, एका दिवसापुरता, त्याआधी तोच सीन मोबाईलवर पूर्ण घेऊन, कोण कुठे बसणार, ऊन किती वाजता येणार हे सगळं ठरवून. आदल्या दिवशी दुकानात जाऊन प्रत्येक लेन्स लावून बघा, काचेवरचे ओरखडे अटेंडंटसमोर फोनवर शूट करून ठेवा, नाहीतर तुमच्या डिपॉझिटमधून जातील. लॅपटॉपवर जागा किती आहे तेही बघा, सोनीच्या एफएक्स-थ्रीसारख्या अलेक्साहून लहान कॅमेऱ्याचं भारी सेटिंगवरचं तासाभराचं फुटेजही शंभर जीबीच्या वर जातं. पॅकअपनंतर दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करा, दोन्हीकडच्या क्लिप उघडून शेवटपर्यंत चालतायत ना ते बघा, आणि मगच कार्ड परत द्या.