दोरा सुईत आहे तोवर

[वडोदरा, दांडिया बाजार. खिडकीजवळ काकूंचे हात, अगदी जवळून.]

सुईवर दोन मणी घ्यायचे. आधीच्या ओळीतला एक मणी हेरून त्यातून सुई काढायची, दोरा ओढायचा. तीन मण्यांचं एक घर बसलं. त्याला लागून दुसरं. गौरींच्या मखराचं तोरण असं घराघराने वाढत चाललंय.

काकूंचा डावा अंगठा पाहा. घर बसलं की तो त्यावर दाबून बसतो, मगच पुढचे मणी सुईवर येतात. दोरा सैल राहिला तर पट्टी लोंबते आणि मण्यांमध्ये फटी दिसतात. जास्त ओढला तर कडा वळतात, तोरण सपाट बसत नाही. हा ताण मोजायला दुसरं साधन नाही.

[मंगळबाजार. मण्यांच्या पुड्या, ताटात ओतलेले मणी.]

मणी मंगळबाजारातले. एकाच पुडीत लहान-मोठे निघतात आणि एक जाडा मणी शिरला तरी ओळ तिरपी होते. म्हणून घरी आल्यावर गहू निवडावेत तसे ताटात निवडायचे. यात अख्खी दुपार जाते.

काकूंचं घर मराठी, वीण मात्र काठियावाडी. सौराष्ट्राच्या मोतीभरतात, म्हणजे तिथल्या मणीकामात, जमीन (मागची बाजू) पांढऱ्या मण्यांची असते आणि तिच्यावर हत्ती, पोपट, घोडेस्वार रंगीत उठतात. तोरणं, चाकळे (भिंतीवर लावायचे चौकोनी तुकडे), घड्याखालची चुंबळसुद्धा मण्यांची. काकूंनी हे पाहिलं ते शेजारच्या बांच्या, म्हणजे गुजराती आजींच्या, दारावर. बांकडून पांढरी जमीन घेतली, पोपट घेतले आणि मधे आपलं तुळशीवृंदावन बसवलं. याला नक्कल म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोनशे-अडीचशे वर्षं शेजारी राहिलेल्या माणसांची ही देवघेव आहे.

[मोत्यांच्या गालिच्याचं छायाचित्र. काकूंचं बोट त्यावरून फिरतं.]

दुसरी प्रेरणा राजवाड्यातली. हा बडोद्याचा मोत्यांचा गालिचा. खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६५च्या सुमारास करवून घेतला, मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करण्यासाठी, असं सांगतात. लाखो बारीक बसराई मोती, रेशीम आणि हरणाच्या चामड्यावर टाचलेले. काकू बोट ठेवतात ते मात्र मोत्यांच्या मधल्या रंगांवर, कारण ते रंग काचेच्या मण्यांचे आहेत. त्यांच्या ताटात आहेत तसल्याच. गालिचा पुढे बडोद्याच्या महाराणी सीतादेवींबरोबर मोनॅकोला गेला आणि २००९ साली दोह्यात त्याचा लिलाव झाला. आपल्या गावाला उरलं हे छायाचित्र.

गालिच्याच्या मधोमध एका ओळीत तीन मोठी वर्तुळं आहेत. ती काकूंना तोरणात हवी होती. पण या विणीत गोल काढायला गेलं की षटकोन होतो. म्हणून कडेची घरं टप्प्याटप्प्याने कमी करत न्यायची. वहीतल्या चौकटी पाहा, खोडून खोडून कागद झिरझिरीत झालाय.

[झोपाळ्यावर बा. हातात अर्धवट पट्टी.]

आता ज्यासाठी ही फिल्म केली, ते. बा पट्टी हातात घेतात आणि आधी उलटी करतात. मागच्या गाठी बघतात. मग हात लांब करून, डोळे बारीक करून विचारतात, “पोपट क्यां छे?” पोपट कुठाय?

काकूंच्या पोपटाचं अंग हिरवं, पंख निळा. जवळून सुरेख, पण चार हातांवरून सगळा एकच गडद ठिपका. बा सांगतात, मधे पांढऱ्याची एक ओळ सोड. फाइन आर्ट्‌सला शिकणाऱ्या भाचीला ते पटत नाही. ती म्हणते, पंखच पिवळा कर, पांढऱ्याने पोपटाचे दोन तुकडे होतील. काकू दोघींचं ऐकून घेतात आणि बांचं करतात, कारण तोरण लागणार उंचावर आणि बघणारे खालून.

काकूंची विचारायची रीतही ऐका. “कसं झालंय?” असं त्या विचारत नाहीत. “नजर कुठं अडते?” असं विचारतात. आपल्याकडे हातचं काम दाखवतात ते पुरं झाल्यावर, हळदीकुंकवाला. तेव्हा खोट कोण काढणार? “छान हं” म्हणून बाया वाण घेऊन घरी जातात. केलेल्या कामाचा तो मानच नव्हे, असं मला मनापासून वाटतं. याच शहरात के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या चित्रकाराने फाइन आर्ट्‌स फेअरसाठी, म्हणजे इथल्या कलाविद्यालयाच्या जत्रेसाठी, लाकूड, चामडं, मणी वापरून खेळणी केली. मुलं ती हातात घेणार, वाजवून-वाकवून बघणार, म्हणूनच केली.

[पोपट उसवताना. मणी परत वाटीत.]

मण्यांचं काम मधूनच उसवत नाही. शेवटच्या घरापासून, ज्या वाटेने सुई गेली त्याच वाटेने उलटं यायचं. पोपटाबरोबर शेजारची वेलही गेली.

बाजारात तयार तोरणं स्वस्तात मिळतात, त्या भावात हे काम बसत नाही आणि शिकायला सध्या भाची एकटीच येते.

[पोपट पुन्हा विणलेला. वहीचं पान.]

किनार अजून ठरलेली नाही. बा लाल म्हणतात, भाची केशरी. काकूंनी दोन्ही रंगांची चार-चार घरं विणून ठेवलीत. उद्या समोरच्या वहिनी येतील, त्यांना लांब, दाराशी उभं करून विचारायचं, मग पुढचा दोरा घालायचा.