तीळ आणि मेलॅनोमा यांच्यामधले अंतर

पुण्यातल्या त्वचारोग विभागात तळपायावरचा काळा डाग दाखवायला आलेल्या माणसाने तो अनेकदा कुरूप समजून घरीच घासलेला असतो. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या रंगपेशींचा कर्करोग, आपल्याकडे विरळा असला, तरी तो होतो तेव्हा बहुधा तळव्यावर किंवा नखाखाली आढळतो, आणि या गैरसमजात मोलाचा काळ निघून जातो.

2002 मध्ये मेलॅनोमाच्या कित्येक गाठींत बीआरएएफ या जनुकातले एक विशिष्ट उत्परिवर्तन सापडले. पुढच्याच वर्षी तेच उत्परिवर्तन साध्या, निरुपद्रवी तिळांतही आढळले. म्हणजे जनुकातली चूक तीच, तरीही बहुतेक तीळ थोडे वाढून थांबतात आणि जन्मभर तसेच राहतात. हा शोध माझ्या मते पहिल्या शोधाहून महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे कोणते जनुक बिघडले याइतकेच कोणते जनुक केव्हा आणि किती वाचले जाते, म्हणजे त्यावरून प्रथिन केव्हा आणि किती बनते, हेही विचारणे भाग पडले.

रंगपेशीत हे वाचन मुख्यतः एमआयटीएफ नावाचे प्रथिन सांभाळते. ते डीएनएला चिकटून रंगद्रव्य घडवणारी जनुके चालू करते, पण त्याचे काम दिव्याच्या बटणापेक्षा पंख्याच्या रेग्युलेटरसारखे चालते. पातळी चढी असताना पेशी आपले रंगाचे काम करते, मध्यम असताना वेगाने विभागते, आणि पातळी बरीच उतरली की विभागणी मंदावून ती आसपासच्या ऊतींत घुसू लागते. या बदलाला नवे उत्परिवर्तन लागतेच असे नाही; म्हणूनच बीआरएएफ रोखणारे औषध सुरू असतानाही काही पेशी नुसती अवस्था पालटून तग धरतात. जनुकातल्या प्रथिन घडवणाऱ्या भागाबाहेरची चूकही वाचनाचे हे नियमन बिघडवू शकते: 2013 मध्ये टर्ट जनुकाच्या नियंत्रक पट्ट्यात असे बदल सापडले, ज्यांमुळे पेशीला अमर्याद विभागण्याची मुभा मिळते.

तळव्यावरच्या मेलॅनोमात बीआरएएफचे उत्परिवर्तन तुलनेने कमी आढळते, त्यामुळे बीआरएएफ रोखणारे औषध देण्याआधी गाठीची जनुकीय तपासणी करावीच लागते. निदानाच्या टप्प्यावर तर पॅथॉलॉजिस्टला नियमनाचे परिणाम सूक्ष्मदर्शकाच्या काचेवरच दिसतात; तिथे विशिष्ट प्रथिने रंगवून शोधली जातात. मेलन-ए हे प्रथिन एमआयटीएफच्या हुकमाने बनते, त्यामुळे एमआयटीएफ उतरलेल्या पेशींत त्याच्या तपासणीचा रंग फिका पडतो किंवा उमटतच नाही. म्हणून त्या एकाच रंगावर विसंबून न राहता सॉक्स-10 आणि एस-100 या प्रथिनांचीही तपासणी सोबत केली जाते.