अकरा मिनिटं, शून्य गुण

[दृश्य: प्रेक्षकांनी भरलेलं बास्केटबॉलचं मैदान. कॅमेरा बाकावर.]

निवेदन:

23 फेब्रुवारी 2014, लॉस एंजेलिस. लेकर्सविरुद्ध ब्रुकलिन नेट्स. दुसऱ्या क्वार्टरची 10 मिनिटं 28 सेकंद उरली असताना नेट्सच्या बाकावरून सात फूट उंचीचा एक माणूस उठतो. टाळ्या पडतात. पाठीवर आकडा 46.

त्या रात्रीचा त्याचा हिशेब असा: 11 मिनिटं खेळ, 2 रिबाउंड (नेम हुकून परत आलेला बॉल पकडणं), 5 फाऊल, गुण शून्य. नेट्स 108-102 असे जिंकले. दुसऱ्या दिवशी बातमी मात्र याच शून्य गुणवाल्याची. बास्केटबॉल, बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल, आइस हॉकी या अमेरिकेतल्या चार मोठ्या लीगमध्ये, आपण गे आहोत हे जगाला सांगून मैदानात उतरलेला पहिला खेळाडू. जेसन कॉलिन्स.

[दृश्य: सरावाचं मैदान. लाकडी फरशीवर रोवलेले बूट.]

पण आधी त्याचं काम समजून घेऊ. बास्केटबॉलमध्ये 'स्क्रीन' नावाचा प्रकार असतो. आपला गार्ड बॉल घेऊन पळतोय, प्रतिस्पर्धी त्याला चिकटलाय. अशा वेळी सेंटरने, म्हणजे कॉलिन्ससारख्या उंच, दणकट खेळाडूने, वाटेत जाऊन उभं राहायचं. पाय रोवून, हात छातीशी घेऊन, अजिबात न हलता. चिकटलेला माणूस धाडकन येऊन आदळतो, गार्ड मोकळा सुटतो आणि बास्केट करतो. गुण त्याच्या नावावर, बरगड्या तुमच्या. स्कोअरशीटमध्ये स्क्रीनला रकानाच नाही.

कॉलिन्सने 13 मोसम हेच केलं. एका सामन्यात सहा फाऊल झाले की खेळाडू बाहेर. तो ते सहाच्या सहा खर्चायच्या तयारीनेच उतरायचा. 2004-05 मध्ये त्याचे 322 फाऊल झाले, लीगमध्ये सर्वाधिक, आणि त्याला त्याचा अभिमान होता! 2011 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, त्याच्या तेव्हाच्या अटलांटा संघाने त्याला ऑर्लँडोचा तगडा सेंटर ड्वाइट हॉवर्डसमोर उभं केलं. अटलांटाने ती मालिका 4-2 अशी जिंकली.

[दृश्य: दोन जुळ्या भावांचा लहानपणचा फोटो.]

जन्म 1978 चा, कॅलिफोर्नियातला. भाऊ जॅरन जुळा, जेसनहून आठ मिनिटांनी लहान. दोघं स्टॅनफर्डला एकत्र, पुढे दोघंही एनबीएमध्ये, अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये. जेसनचं एका मुलीशी लग्न ठरलं आणि मोडलं. खरं कारण घरात कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्यांदा तो बोलला सॅन फ्रान्सिस्कोत न्यायाधीश असलेल्या टेरी आंटीशी. तिने सांगितलं, मला हे कितीतरी वर्षांपासून ठाऊक आहे. आणि जॅरन? आईच्या पोटापासून बरोबर असलेला हा भाऊ ऐकून थक्क झाला. सात फुटांचा माणूस लपू शकतो तो असा.

2012 मध्ये त्याचा कॉलेजचा रूममेट जो केनेडी बोस्टनच्या प्राइड परेडमध्ये, समलिंगींच्या पाठिंब्याच्या मिरवणुकीत, चालला. मित्र स्वतः गे नसून रस्त्यावर, आणि आपण घरात. हे जेसनला लागलं. एप्रिल 2013 मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, तेव्हा योग्य वेळेची वाट बघणंच त्याने सोडलं. त्याच महिन्याच्या 29 तारखेला 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये त्याचा लेख आला. सुरुवातच अशी: मी 34 वर्षांचा एनबीए सेंटर आहे. मी कृष्णवर्णीय आहे. आणि मी गे आहे.

राष्ट्राध्यक्ष ओबामांचा फोन आला. लेकर्सचा स्टार कोबी ब्रायंटने जाहीर पाठिंबा दिला. खेळायला बोलावणारा कुठल्या संघाचा फोन तेवढा आला नाही. उन्हाळा गेला, मोसम सुरू झाला, अर्धा संपला. वय झालं होतं हे खरंच; पण नुसतं वयच नडलं का, हे कुठल्या संघाने कधी कागदावर लिहून दिलं असतं?

अखेर बोलावणं आलं ते ब्रुकलिनमधून, दहा दिवसांच्या करारावर. तिथला प्रशिक्षक होता जेसन किड. हाच किड 2002 आणि 2003 मध्ये नेट्सचा गार्ड म्हणून फायनलपर्यंत पोचला होता, आणि त्याच्यासाठी स्क्रीन लावायला उभा असायचा हाच कॉलिन्स. रकाना नसलेलं काम किडला पाठ होतं.

[दृश्य: जर्सीवरचा 98 आकडा.]

राहिला तो 46. कॉलिन्सचा आकडा खरं तर 98. त्या रात्रीपर्यंत तशी जर्सी तयार झाली नव्हती एवढंच. बोस्टन आणि वॉशिंग्टनकडून तो 98 घालूनच खेळला होता, कारण न सांगता. ऑक्टोबर 1998 मध्ये वायोमिंगमधल्या लॅरामीत मॅथ्यू शेपर्ड या 21 वर्षांच्या गे विद्यार्थ्याला मारहाण करून कुंपणाला बांधून टाकलं होतं. काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. तो 98 त्याचा.

लॉस एंजेलिसनंतर चार दिवसांनी नेट्स डेन्व्हरला खेळले. तिथे कॉलिन्सला भेटायला मॅथ्यूच्या घरचे आले होते.