आधी नाव, मग क्रेडिट, सॉफ्टवेअर शेवटी

(ग्रामीण महाविद्यालयांचे प्राचार्य, समन्वयक आणि कार्यालयीन कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

गडचिरोली, यवतमाळ, मेळघाट या भागांतून आलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: परदेशी विद्यापीठाशी विद्यार्थी विनिमय करायचा, तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? सॉफ्टवेअर सगळ्यांत शेवटी घ्या. विद्यार्थ्याचं नाव, क्रेडिटचा (म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मिळणाऱ्या श्रेयांकांचा) हिशेब आणि मंजुरीचा अधिकार ही तीन कामं आधी मार्गी लावा. ती कच्ची राहिली, तर संगणक तीच चूक जास्त वेगाने पुढे पाठवेल.

युरोपात काय झालं ते पाहू. तिथला विद्यार्थी विनिमयाचा इरास्मस कार्यक्रम १९८७ साली सुरू झाला. करार, नामांकन, लर्निंग अ‍ॅग्रीमेंट (विद्यार्थी तिकडे कोणते विषय शिकणार याचा करार), ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) हे सगळं वर्षानुवर्षं कागदावर, सही-शिक्क्यानिशी चाललं. आता तिथं ‘इरास्मस विदाउट पेपर’ नावाचं जाळं आहे. त्यात सगळ्यांची माहिती एका जागी साठवत नाहीत. प्रत्येक विद्यापीठ आपली माहिती आपल्याच यंत्रणेत ठेवतं. मध्यवर्ती नोंदवही फक्त कोणाची यंत्रणा कुठे आहे ते सांगते. ज्यांच्याकडे स्वतःची यंत्रणा नाही, त्यांच्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारा डॅशबोर्ड आहे.

तिथली अडचण आपल्या उपयोगाची आहे. करार मंजूर होतो तेव्हा त्याच्या मजकुरावरून एक हॅश काढला जातो, म्हणजे त्या मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा असलेला संकेतांक. नंतर एका बाजूने जागांची संख्या जरी बदलली, तरी हॅश बदलतो आणि आधीची मंजुरी जुळेनाशी होते. बदलाची सूचना समोर पोहोचली नाही, तर दोन विद्यापीठांकडे एकाच कराराची दोन रूपं राहतात. आपली महाविद्यालयं त्या जाळ्यात नाहीत, पण हा घोळ ईमेलवरच्या वर्ड फाइलमध्येही होतो. म्हणून फाइलच्या नावातच आवृत्ती क्रमांक आणि तारीख घाला, २०२६-०३-०५ अशी, वर्ष आधी. नाहीतर ०५/०३ म्हणजे पाच मार्च की तीन मे, यावर गाडी अडते. मंजूर झालेली फाइल पीडीएफ करून बंद करा. बदल हवा असेल तर नवी आवृत्ती काढा आणि नव्याने मंजुरी घ्या.

आता नाव. आपल्याकडे बहुतेक अर्ज इथेच अडकतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, पुढे आईचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि नाव व वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. आधारवर स्पेलिंग तिसरंच. परदेशी यंत्रणेला हे तीन निरनिराळे विद्यार्थी वाटू शकतात. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक, बारा अंकी असतो आणि त्याच्याशी अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (जिथे मिळवलेली क्रेडिट ऑनलाइन जमा होतात) खातं जोडलेलं असतं. आधारवरचं नाव आणि महाविद्यालयातली नोंद जुळली नाही, तर तिथंही अडतं. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळीच तिन्ही कागद समोरासमोर ठेवून तपासा. पुढे परदेशी यंत्रणेत नाव भरताना पासपोर्टवरच्याप्रमाणेच भरा, रकाने आपल्या मनाने बदलू नका.

मोबाइल क्रमांकही त्याच वेळी तपासा. आधारला जोडलेला क्रमांक पुष्कळदा वडिलांचा असतो. पोरगी तालुक्याच्या ठिकाणी अर्ज भरते आणि ओटीपी जातो वावरात. काही मिनिटांत तो बाद होतो. रेंज नसलेल्या गावात तर तो वेळेत पोहोचतच नाही.

क्रेडिटचा हिशेब नीट ऐका, कारण विद्यार्थ्याचं खरं नुकसान इथे होतं. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास आणि ४० क्रेडिट, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस, म्हणजे तिथली क्रेडिट, आणि एका ईसीटीएसला २५ ते ३० तास. तासांनी मोजलं तर आपल्या सत्राचे २० क्रेडिट म्हणजे २० ते २४ ईसीटीएस. सत्राला सत्र धरलं तर तेच २० म्हणजे ३०. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलता येतं. विद्यार्थी परत आल्यावर कोणती धरायची हा वाद घालणं मात्र त्याच्यावर अन्याय आहे. कोणती पद्धत धरायची याची एक ओळ करारातच लिहा आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडून ती आधीच मान्य करून घ्या. प्रत्येक विषयाचा कोड, क्रेडिट आणि अर्धा पानभर अभ्यासक्रम इंग्रजीत तयार ठेवा.

लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि स्वीकारणारी संस्था अशा तीन सह्या असतात. संलग्न महाविद्यालयाचा पेच असा, की शिकवता तुम्ही आणि पदवी देतं विद्यापीठ. क्रेडिट मान्य करण्याचा अधिकार नागपूर, अमरावती किंवा गडचिरोलीच्या विद्यापीठाकडे असताना नुसती प्राचार्यांची सही पुरत नाही. आधार ई-साइन, म्हणजे आधारवरून केलेली डिजिटल सही, आपल्या कायद्यात चालतं, पण युरोपात ते आपोआप मान्य होईल असं धरू नका. स्कॅन केलेली सही चालेल का, हे समोरच्या संस्थेकडून लेखी घ्या.

परीक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा बदल लागतो आणि नेमका तोच राहून जातो. युरोपातलं सत्र सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतं. दरम्यान आपली हिवाळी परीक्षा होऊन जाते. यंत्रणेत उत्तीर्ण, अनुत्तीर्ण आणि गैरहजर एवढेच पर्याय असतील, तर विनिमयावर गेलेला विद्यार्थी गैरहजर ठरतो. पुढे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडतं. ‘विनिमयावर’ अशी वेगळी स्थिती टाकायला परीक्षा विभागाला पत्र द्या, विद्यार्थी निघण्याआधी.

परदेशी विद्यार्थी इकडे येणार असेल, तर वसतिगृहाने त्याच्या मुक्कामाची माहिती २४ तासांत सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायची असते (पूर्वी हा फॉर्म सी होता). ते लॉगिन आधीच काढून ठेवा. पासपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरवू नका.

शेवटचं, मुदतीचं. मे महिन्यात मध्य युरोपची घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार. तिथली ३१ मेची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे १ जूनची पहाट, साडेतीन वाजता. पण या जादा तासांवर विसंबू नका. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइन गेली की राउटरही बंद पडतो. फाइल दोन दिवस आधी, सकाळी चढवा आणि आलेल्या पोचपावतीचा क्रमांक आवक-जावक रजिस्टरमध्ये त्याच दिवशी लिहून घ्या.