मीटर जाडी मोजत नाही
(जालन्यात आयटीआयचे विद्यार्थी आणि साखर कारखान्यांतले फिटर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानातून)

पोरांनो, पत्र्याची जाडी दाखवणारं तुमच्या हातातलं हे अल्ट्रासॉनिक मीटर जाडी मोजत नाही, वेळ मोजतं. प्रोबमधून, म्हणजे पत्र्याला टेकवायच्या टोकातून, निघालेला आवाज पत्र्याच्या पलीकडच्या अंगावर आपटून परत येतो. 8 मिमीच्या पोलादात त्याला जाऊन यायला साधारण 2.7 मायक्रोसेकंद लागतात. पोलादात आवाज सेकंदाला 5,920 मीटर धावतो, हे मीटरला आपणच सांगून ठेवलेलं असतं. काल कुणी अ‍ॅल्युमिनियम मोजून त्याचा 6,320 हा वेग तसाच ठेवला असेल, तर तुमचा 8 मिमीचा पत्रा आज 8.5 दिसेल. तोही दोन दशांशांपर्यंत, अगदी छातीठोक.

मीटरच्या अंगावरच्या चकतीला प्रोब टेकवून झीरो केलं म्हणजे कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर जुळवणं झालं, असं बरेच जण धरून चालतात. त्यानं वेग तपासला जात नाही. ठरलेल्या जाडीच्या पायऱ्यांचा ब्लॉक घ्या, तुमच्या पत्र्याच्याच जातीच्या पोलादाचा. 8 मिमीचं काम असेल तर 5 च्या पायरीवर झीरो जुळवा, 12 वर वेग जुळवा, परत 5 वर या. आकडा हलला असेल तर पुन्हा. काम संपल्यावर ब्लॉकवर एकदा टेकवायचंच. तिथं चुकलं तर दिवसभराची रीडिंगं गेली.

एका कारखान्यात स्लॅक सीझनला, म्हणजे गाळप बंद असताना, बॉयलरच्या धुराच्या डक्टचं काम मी करत होतो. मूळ पत्रा 3 मिमीचा, राखेनं घासलेला. रीडिंग 1.7. एक सीझन निघेल, असं मी लिहूनही टाकलं. तिथले एक म्हातारे फिटरमामा म्हणाले, "साहेब, पत्रा स्वतः बोलतोय ना, मग मीटरला काय विचारता?" आणि हातोडा मारला. माठ घेताना आपण वाजवून बघतो, तसा. हातोडा आरपार! पत्रा उरला होता जेमतेम 0.85. इतक्या पातळ पत्र्यात माझ्या प्रोबला पहिला प्रतिध्वनी वेगळा ओळखताच आला नाही, त्यानं दुसरा धरला आणि आकडा दुप्पट झाला. ब्लॉकच्या 1 मिमीच्या पायरीवर आधी टेकवलं असतं तर लगेच कळलं असतं. अशा कामाला बारीक तोंडाचा, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लागतो.

आता आपलं मराठवाड्याचं ऊन. मे महिन्यात मळीच्या टाकीचा पत्रा 60 अंशांपर्यंत तापतो. तापलेल्या पोलादात आवाज हळू चालतो, म्हणून जाडी जास्त दिसते. पण 55 अंशांच्या फरकाला चूक साधारण 1 टक्का, म्हणजे टाकीवर फार नाही. खरी अडचण अशी की प्रोब आणि पत्र्याच्या मध्ये लावलेलं जेल वाळतं आणि साधा प्रोब 50 अंशांच्या पुढं खराब होऊ शकतो. पहाटे मोजा. बॉयलरचा 200 अंशांचा पाइप मात्र वेगळा. तिथं 8 मिमीवर पाव मिमी खोटं वाढतं, प्रोबही उष्णतेचाच हवा.

उन्हापेक्षा रंगाला घाबरा. रंगात आवाज पोलादाच्या निम्म्याहून कमी वेगानं जातो. अर्धा मिमी रंग मीटरला सव्वा मिमी पोलाद वाटतो. दर दोन वर्षांनी खरवडल्याशिवाय रंगवलेल्या टाकीवर हे हमखास घडतं. रंग खरवडा, नाहीतर दोन प्रतिध्वनींमधला वेळ मोजणारा मोड लावा.

तो टाकीचा कापलेला तुकडा इकडं आणा बरं. आधी रंगावरच टेकवू, मग खरवडून. आकडे फळ्यावर तुम्हीच लिहा.