मराकेशचा रियाद: आतल्या बाजूला उघडणारं घर

मोरोक्कोतलं मराकेश, त्याचा जुना भाग म्हणजे मदिना, १९८५पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इथल्या बोळातनं चालताना दोन्ही बाजूंना नुसत्या गेरूच्या रंगाच्या भिंती दिसतात, खिडक्या जवळपास नाहीतच, मधेच एखादं जाडजूड लाकडी दार, आणि आत कोण राहतं, किती पैसेवाला आहे, बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

दारातून आत गेलं की आधी एक पॅसेज लागतो आणि तो मुद्दाम वळवलेला असतो, दार उघडं राहिलं तरी रस्त्यावरून घरातलं दिसू नये म्हणून. ते वळण संपलं की एकदम डोक्यावर आकाश! मधोमध अंगण, चार वाफे, संत्र्याची झाडं, कारंजं, आणि सगळ्या खोल्यांची तोंडं या अंगणाकडे. रियाद या अरबी शब्दाचा अर्थच मुळी बागा. वाड्याच्या चौकात वाढलेल्या माणसाला हे पटकन उमगेल. खोल्या लांबट आणि अरुंद, कारण छताला सीडरच्या लाकडाच्या तुळया, मग तुळई जेवढी पेलेल तेवढीच खोलीची रुंदी.

आता भिंतीवरचं ते रंगीत काम बघा, याला झेलीज म्हणतात. भाजलेली चकचकीत टाइल घेऊन कारागीर हातोडीने एकेक बारका तुकडा तासून काढतो, आणि खरी कमाल पुढे आहे, हे तुकडे रंगीत बाजू खाली ठेवून मांडतात, म्हणजे मांडताना समोर फक्त मातकट पाठ, सगळं डिझाइन त्याच्या डोक्यात! मला तर हे बघतच राहावंसं वाटतं.

हमामच्या (न्हाणीघराच्या) भिंतींना ताडेलाक्त, म्हणजे चुन्याचा गिलावा, तो गुळगुळीत दगडाने घासघासून वरून ऑलिव्हचा काळा साबण चोळतात, चुना आणि साबण एकजीव होतात आणि पाणी आत मुरत नाही.

घरी यातलं काय आणता येईल? नुसत्या मोरोक्कन प्रिंटच्या टाइल्स लावून ही जादू येत नाही हो, तिथं सगळा जीव मधल्या मोकळ्या जागेत आहे. हॉलच्या मधलं टेबल काढा, बैठका भिंतीलगत सरकवा, दारासमोर एक जाळीदार पार्टिशन उभं करा, आणि मग दुपारचं ऊन फरशीवर कुठपर्यंत येतंय ते बघा.